खुंटखाऊच्या बेअरिंगसाठी सहा दिवस

अकोला, अमरावती, परतवाडा ही गावं लोक कशासाठी पाहतात ते मला माहीत नाही. कुणाची सोयरीक असेल, कुणाचा खटला असेल. मी ती भर उन्हाळ्यात पाहिली, आणि तीही तळहातावर मावणाऱ्या दोन लोखंडी कड्यांसाठी. परत येऊन तीन महिने झाले. ज्यांना तिकडे जायचा प्रसंग येणार नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांना असल्याच कामासाठी जावं लागेल त्यांनी बाकीचं गाळलं तरी चालेल, शेवट मात्र नीट वाचावा.

आधी काम काय होतं ते सांगते.

मी नर्स आहे. मूळची नगरकडची, नोकरीच्या निमित्तानं वऱ्हाडात आले त्याला वीस वर्षं झाली. अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची वस्ती आहे. तिथल्या चौदा बौद्ध कुटुंबांना सरकारनं जंगलालगतची पडीक जमीन दिली, प्रत्येकी अडीच एकर. अट एकच होती. तिसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस तुकडा पूर्ण नांगरटीला आलेला दिसला पाहिजे. दिसला नाही तर तुकडा परत.

जमीन म्हणजे तोडलेलं जंगल. ठेकेदारानं झाडं नेली आणि खुंट आम्हाला ठेवले. सागाचा खुंट कुऱ्हाडीला दाद देत नाही आणि जाळला तर वरवर जळतो, मुळाला काही होत नाही. पहिल्या वर्षी माणसांनी पहारी घेऊन खणलं, तेव्हा दोन तुकडे मोकळे झाले. दुसऱ्या वर्षी परदेशातल्या एका शेतकी मंडळाकडून ह्या कुटुंबांच्या संस्थेला एक यंत्र भेट आलं. गाड्यासारखी दोन चाकं, वर पेट्रोलचं इंजिन आणि पुढे दात बसवलेली जाड लोखंडी तबकडी. ती तबकडी फिरू लागली की खुंटाचा भुगा होत जमिनीखाली वीतभर जायची. लोकांनी त्याचं नाव खुंटखाऊ ठेवलं. त्याच्या जोरावर आणखी नऊ तुकडे साफ झाले.

मग तबकडीच्या आसातून आधी शिट्टी आली, मग खडखडाट. आसाच्या दोन्ही टोकांना बेअरिंगं असतात, म्हणजे एकात एक दोन कडी आणि मध्ये पोलादी गोळ्या. त्या गोळ्यांना इथले मेकॅनिक छर्रे म्हणतात. आमचे छर्रे झिजून कड्यांत डुगडुगत होते. पाहणीला बारा दिवस उरले होते आणि तीन तुकडे बाकी होते. त्यांतला एक पुंजाजीचा.

पुंजाजी आमच्या संस्थेचा अध्यक्ष. वय पंचावन्नच्या पुढे. धर्मांतर झालं त्या वर्षी त्यानं गावकीची कामं सोडली, त्याला सात वर्षं झाली होती. तेव्हापासून दुसऱ्याच्या शेतात मजुरी. यंत्र आलं तेव्हा कुणाचा तुकडा आधी घ्यायचा यावर भांडण होणार असं दिसताच तो म्हणाला होता, "माह्यं मांगून. अध्यक्ष पयले जेवला तं पंगत उठते." मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि मी तसं सांगितलंही होतं.

संस्थेची चिटणीस मी, कारण इंग्रजी वाचता येणारी मीच. तेव्हा बेअरिंग आणायला जाणारीही मीच.

अकोट ते अकोला

अकोटला कापसाचे जिन, म्हणजे सरकी काढायचे कारखाने, ओळीनं उभे आहेत. पण हंगाम संपला होता, फिटर आपापल्या गावी गेले होते. एका जिनात एक म्हातारा फिटर पंप दुरुस्त करत बसला होता. त्यानं आमचं जुनं बेअरिंग हातात घेतलं, फिरवलं आणि हुंगलं.

"याले काय लावलं, बाई?"

"वंगण."

"कायचं?"

"एरंडेल आणि काजळी. बैलगाडीच्या आसाला घालतात ते."

तो हसला नाही, एवढा त्याचा चांगुलपणा. "हा गाडीचा आस हाय का? याले ग्रीस पाह्यजे. तुमी त्याले काजळी चारून राहिल्या. मंग दात पडन नाई तं काय होईन?"

वंगण घालायचं पुंजाजीच्या बायकोनं, दर सकाळी, बोटानं, आत पोचेल असं. त्या वंगणाला मीच होकार दिला होता. यंत्राचं परदेशी पुस्तक माझ्याकडे होतं. त्यात ग्रीसचं एक लांबलचक नाव होतं, ते अकोटात कुणाला माहीत नव्हतं, म्हणून मी तो मुद्दा सोडून दिला होता.

फिटरनं सांगितलं की त्यांच्या जिनाला छऱ्याचं बेअरिंग नसतं, नळीसारखी पितळी बुश असते, अकोल्याला जा.

एसटीत बेअरिंग धडप्यात बांधून मांडीवर ठेवलं होतं. खारपाणपट्ट्यातून जाताना रस्ता बरा, पण ड्रायव्हरनं एका म्हशीसाठी ब्रेक मारला आणि गाठोडं सुटून कडं सीटांखालून मागे गडगडत गेलं. सगळी गाडी वाकली. मागच्या बाकावरून आवाज आला, "हे घ्या, कोनाचं चाक निंगालं?" पुढून दुसरा, "पाहा बाप्पा, आपल्याच गाडीचं तं नाई?" कंडक्टरनं खरोखरच गाडी थांबवून खाली वाकून पाहिलं. कडं हातोहात माझ्याकडे आलं तेव्हा प्रत्येकानं ते एकदा फिरवून पाहिलं होतं आणि सगळ्यांचं मत एकच होतं, की आता ह्याच्यात काही राहिलं नाही.

वाटेत पूर्णा नदीच्या अलीकडे चहा घेतला. ह्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, त्यामुळे चहाही खारट. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं होतं की हॉटेलवाला साखरेच्या जागी चुकून मीठ टाकतो. इथले लोक हाच चहा मिटक्या मारत पितात आणि आमच्या डोंगराकडचं गोड पाणी त्यांना बेचव वाटतं.

अकोला

जठारपेठेत माझी जुनी सहकारी कमल राहते. तिच्याकडे पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, आणि मेमधल्या अकोल्यात दुपारी दोनला रस्त्यावर कुणी शहाणा नसतो. दुकानांवर पडदे सोडलेले. कमलनं रस, कुरडया आणि फोडणीचं वरण वाढलं. रसात ती तूप आणि मिरपूड घालते. नगरकडे आम्ही रसात काही घालत नाही. बाहेर ऊन उतरेपर्यंत निघू नकोस असं तिनं बजावलं. मी चारला निघाले. तेव्हाही उतरलं नव्हतं.

मोटारच्या सुट्या भागांचं मोठं दुकान स्टेशनच्या रस्त्याला होतं. दुकानदार सिंधी, अंगात मलमलचा सदरा, डोक्यावर ओलं फडकं. त्यानं चिमट्यासारख्या मापानं कडं आतून बाहेरून मोजलं आणि माप माझ्यासमोर धरलं.

"बाई, ये इंची है."

"मग?"

"मंग काय? आता सगळा माल मिलिमीटरचा. इंजिन, पंप, सगळं. इंचीचं मुंबईहून मागवावं लागते. आलं तं तीन आठवड्यात येईन."

"माझ्याकडे अकरा दिवस आहेत."

"तं मंग येनार नाई," तो म्हणाला. त्यानं फडकं पुन्हा भिजवून डोक्यावर ठेवलं.

मी आणखी चार दुकानं केली. दोघांनी तेच सांगितलं. एकानं जवळपासच्या मापाचं काढून दिलं आणि आसावर पत्रा गुंडाळून बसवा म्हणाला. चौथ्यानं मला विचारलं की घरात कुणी पुरुष माणूस नाही का. मी म्हटलं, आहेत, पण त्यांनाही तीन आठवड्यांत मुंबईहूनच मिळेल ना?

परत सिंध्याच्या दुकानाशी आले. तो कुलूप लावत होता. मला पाहून बहुधा त्याला बरं वाटलं नाही. कुलूप हातात घेऊनच म्हणाला, "अमरावतीले जा. एक बुढ्ढा मिस्त्री हाय, लडाईच्या डिस्पोजलच्या ट्रकांवर काम करते. अमेरिकन ट्रक. त्यांच्यात सगळं इंची."

मोटारींतलं मला काही कळत नाही. पण त्या रात्री कमलच्या अंगणात बाजेवर पडल्या पडल्या आमचं यंत्र आणि लढाईनंतर विकायला काढलेले ते ट्रक एकाच मुलुखाचे आहेत एवढं कळलं, आणि झोप लागली.

अमरावती

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला गेले. अकोल्यापेक्षा हे शहर मोकळं आहे, रस्त्यावर झाडं आहेत. एरवी मी ते पाहिलं असतं.

रहीम मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे एक मोठं लिंबाचं झाड आणि त्याखाली दहा-बारा ट्रकांचे सांगाडे. मिस्त्री सत्तरीचे, हातावर भाजल्याचे जुने डाग. नर्स म्हणून माझी नजर आधी तिकडे गेली. मी काम सांगितलं. त्यांनी माप घेतलंच नाही. कडं बोटावर चढवून अंगठ्यानं चाचपलं.

"गिअरबॉक्सचं," ते म्हणाले. "मोठ्या ट्रकच्या. बसा."

ते आत गेले. पत्र्याच्या डब्यांचा आवाज येत राहिला. मी लिंबाखाली बसून माठातलं पाणी प्यायले, मग आणखी प्यायले. दीड तासानं ते मेणकागदात गुंडाळलेलं एक बेअरिंग घेऊन आले. कोरं, तेलकट, चकचकीत. बोटावर फिरवलं तर आवाज नाही. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा बरं वाटलं.

"दुसरं?"

"दुसरं नाही."

"मला दोन लागतात."

"मालूम हाय, बाई. एका पायावर कोन चालते? पन माझ्याजवळ एकच होतं." त्यांनी चिंधीला हात पुसले. "सेमाडोहच्या घाटात असाच एक ट्रक पडून हाय. लाकडाचा. दोन बरसात झाल्या. गिअरबॉक्स साबूत असन तं त्याच्यात भेटन. परतवाड्याले आरा मशीनवाले वामनराव हायेत, त्यायचाच ट्रक. माह्यं नाव सांगा."

मी निघताना त्यांनी मला थांबवलं. "बसवनार कोन?"

"आमच्याकडे लोहार आहे. चांगला आहे."

"त्याले सांगा, ठोकायचं नाही. हातोडा लागला का बेअरिंग खतम. गरम करून बसवायचं. गरम झालं का कडं फुगते, आसावर आपोआप सरकते. ठंडं झालं का असं पकडते का जन्मात निंगनार नाही."

मी वहीत लिहून घेतलं: ठोकू नये. गरम करून बसवावे. थंड झाल्यावर पकडते. ती वही अजून माझ्याजवळ आहे. अक्षर चांगलं आहे.

परतवाडा आणि सेमाडोह

परतवाड्याला सागाचा वास येतो. गावात शिरायच्या आधीच येतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओंडक्यांचे ढीग, आणि करवतींचा आवाज दिवसभर. वामनराव पन्नाशीचे, ठेंगणे, कानात भुसा गेलेला. त्यांनी मला दोनदा सगळं सांगायला लावलं, कारण मशीन थांबवायची त्यांची तयारी नव्हती.

"म्हंजे तुमी खुट खाऊन टाकता?" त्यांनी ओरडून विचारलं.

"यंत्र खातं."

"मंग झाड कुठून फुटन बाप्पा?"

"फुटायला नको. तूर पेरायची आहे."

त्यांना ते पटलं नाही, पण सकाळी त्यांचा रिकामा ट्रक मेळघाटात जाणार होता. त्यातून ते स्वतः येतो म्हणाले. का आले ते मला नीट कळलं नाही. बहुतेक पडलेला ट्रक बघायचं त्यांच्या मनात कधीपासून असावं.

घाट चढताना मी ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. मेमधला सागवनाचा डोंगर म्हणजे पानं नसलेल्या काठ्या. खाली वाळलेल्या पानांचा थर, त्यातून कुठे वणव्याचा काळा पट्टा. मधेच एखाद्या नाल्याकाठी जांभळीची हिरवी ओळ दिसे आणि डोळ्यांना आराम पडे. आणि खुंट. जिथे तोड झाली होती तिथे टेकडीच्या टेकडी खुंटांची, प्रत्येक खुंटावर जंगलखात्याच्या हातोडीचा छाप. मी मोजायचं सोडून दिलं. बहुतेक खुंटांच्या बुडाशी हातभर उंचीचे हिरवे धुमारे होते. एवढ्या उन्हात, पाणी नसताना. आमचे तीन तुकडे डोळ्यांपुढे आले आणि मी दुसरीकडे बघायला लागले.

ट्रक सेमाडोहच्या अलीकडे एका वळणाखाली कलंडलेला होता. चाकं केव्हाच गेली होती, बॉनेटमध्ये मुंग्यांचं वारूळ. वामनराव आणि ड्रायव्हर खाली उतरले. मी वर रस्त्यावर बसले. शेजारच्या वस्तीतली एक कोरकू बाई डोक्यावर घागर घेऊन चालली होती, ती थांबली. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला थोडी येत होती. तिनं मला ओंजळीनं पाणी दिलं. खाली दोन माणसं मेलेल्या ट्रकच्या पोटात शिरलेली पाहून तिनं खुणेनं विचारलं, काय काढतात? मी पिशवीतलं जुनं कडं दाखवलं. ती ते हातात बांगडीसारखं धरून हसली, परत दिलं आणि गेली.

तीन तासांनी वामनराव वर आले. कोपरं सोललेली, तोंड काळं. हातात बेअरिंग. रॉकेलनं धुतल्यावर ते जवळजवळ नव्यासारखं फिरलं.

"घ्या," ते म्हणाले. "नाई म्हनू नका, पैसे मी घेनार नाई. त्या ट्रकमंधलं काईतरी कोनाच्या कामी आलं."

मी त्यांची कोपरं धुऊन पट्टी बांधली. ट्रक पडला तेव्हा तो कोण चालवत होता, हे मी विचारलं नाही. 

दुसऱ्या दिवशी अंजनगाववरून अकोटला आले. दोन्ही बेअरिंगं मांडीवर, ह्या वेळी दोरीनं बांधून. पाहणीला सहा दिवस होते. खुंटखाऊला एका तुकड्याला दीड दिवस लागतो. मी हिशोब तीनदा केला. तिन्ही वेळा जमत होतं.

वस्तीवर

सखाराम लोहार आमच्या संस्थेतला नव्हे, मूळ गावातला. पाच गावांत बैलगाडीच्या चाकाला धाव बसवावी तर त्यानं. धाव म्हणजे लाकडी चाकावर चढवायचा लोखंडी पट्टा. ती जरा लहान बनवतात, गोवऱ्यांच्या गोल भट्टीत लाल करतात, मग चाकावर टाकून पाणी ओततात. लोखंड आकसतं आणि चाकाला असं आवळतं की चाक मोडेल पण धाव निघत नाही. नगरकडेही हे करतात, पण सखारामच्या हाताची सफाई मी तिकडे पाहिली नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या लोकांचे विळे तो हातात घेत नसे. जमिनीवर ठेवायला लावी, मग उचली. त्या दिवशी तो सकाळी वस्तीवर आला आणि पुंजाजीच्या बायकोनं दिलेला चहा तिच्याच कपातून प्यायला.  पिताना त्यानं मान वर केली नाही.

मी वही काढून वाचून दाखवलं. ठोकू नये. गरम करून बसवावे. थंड झाल्यावर पकडते.

सखाराम पहिल्यांदाच हसला. "इतलंच? बाई, तुमी अमरावतीवरून आमचीच विद्या घेऊन आल्या."

सगळे हसले. मीही हसले. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. एवढ्या लांबून जे आणलं ते इथल्या माणसाच्या हातात आधीपासूनच आहे, असं वाटलं.

गोवऱ्या गोल रचल्या. त्यानं दोन्ही कडी मधोमध ठेवली, नीट, जुळी बाळं ठेवावीत तशी. भाता चालवला. कडी आधी पिवळसर झाली, मग निळी, मग लाल. ग्रीस जळाल्याचा धूर निघाला तेव्हा पुंजाजी म्हणाला, "जळून राहिलं ना, बावा."

"जळू दे. मळ हाय तो."

सांडशीनं एकेक कडं उचलून त्यानं आसावर धरलं. हातोडा नाही, धक्का नाही. लोणी सरकावं तसं सरकलं. बायकांनी "माय वं!" म्हटलं. मग त्यानं तांब्यानं पाणी ओतलं, धाव थंड करतात तसंच, गोल गोल. चर्र झालं, वाफ वर गेली, आणि दोन्ही कडी आसाला अशी बसली की पुंजाजीनं दोन्ही हातांनी ओढून पाहिली तरी हलली नाहीत. दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या.

वीस वर्षं मी रोग्याला औषध देते आहे. किती, कशात, केव्हा, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय मी कुणाला सोड्याची चिमूटही दिली नाही. लिंबाखाली बसून मी फक्त लिहून घेतलं.

यंत्र उरलेल्या तिनांपैकी पहिल्या तुकड्यावर नेलं. इंजिन सुरू झालं, तबकडी फिरली, सागाचा भुगा उडाला. एक खुंट गेला. दुसरा निम्मा झाला. मग काच तडकावी तसा एक आवाज आला. कड्याला वरून खालपर्यंत चीर गेली होती. ते दोन तुकडे होऊन पडलं, तबकडी वाकडी होऊन आसातून घसरली आणि दुसऱ्या टोकाचं कडंही फुटलं. छर्रे मातीत उडाले. पुंजाजीनं इंजिन बंद केलं. कुणालाही लागलं नाही.

बायका वाकून छर्रे वेचायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या, आता उपयोग नाही. तरी त्यांनी सगळे वेचले, पदरात घेतले आणि मला आणून दिले.

सखाराम भट्टीपाशी उभा होता. तो एवढंच म्हणाला, "माह्या हातून कधी धाव तुटली नाई." कुणीही त्याला बोल लावला नाही. ते त्याला सोसलं नसावं. तो न सांगता निघून गेला.

त्या दिवसापासून पहारी निघाल्या. पाच दिवस चौदा घरची माणसं ऊन न पाहता खणत होती. तिसऱ्या दिवशी सखारामही आला, स्वतःची पहार घेऊन. मी हातांचे फोड बांधत होते आणि दुपारी लोकांना सक्तीनं सावलीत बसवत होते. कुणाचा तुकडा आधी, हा प्रश्न पुन्हा आला.

"माह्यं मांगून," पुंजाजी म्हणाला.

"पुंजाजी, ह्या वेळी मागून म्हणजे कधीच नाही," मी म्हटलं. "पंगतीचं आता विसर."

"मंग कोनाचं मांगून? तुमी सांगा, बाई. नाव घ्या."

मी नाव घेतलं नाही. बाकीचे दोघे समोरच बसले होते.

पाचव्या दिवशी दुपारपर्यंत दोन तुकडे मोकळे झाले. तिसऱ्यावर, पुंजाजीच्या, सोळा खुंट उभे होते. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मिळून तीन काढले.

पाहणीचे साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जीपनं आले. माणूस वाईट नव्हता. तेरा तुकडे त्यांनी भरभर पाहिले, चौदाव्यावर ते बराच वेळ चालले, प्रत्येक खुंटापाशी थांबत. यंत्र कुठे आहे म्हणाले. मी दाखवलं. बेअरिंगचे तुकडे दाखवले. त्यांनी ते हातात घेतले, वाईट वाटल्याचं तोंड केलं आणि कागदावर लिहिलं: तुकडा परत. चौदाव्या तुकड्याच्या चारी कोपऱ्यांवर चुना लावलेले दगड बसवले गेले. ते बसवायला माणूस लागत होता. पुंजाजीनंच खड्डे खणले, कारण पहार त्याच्या हातात होती.

रहीम मिस्त्रींना मी त्याच आठवड्यात पत्र टाकलं होतं, काय केलं ते जसंच्या तसं लिहून. त्यांचं कार्ड पाहणीनंतर चार दिवसांनी आलं, कुणाकडून तरी हिंदीत लिहून घेतलेलं. बेअरिंग विस्तवावर कधीच धरायचं नसतं, लाल करून पाणी ओतलं की त्याचं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. तेलात तापवायचं असतं. हे सांगायचं राहिलं, कारण चाळीस वर्षांत हे ज्याला माहीत नाही असा माणूस त्यांना भेटला नव्हता. माफी मागितली होती. चूक त्यांची नव्हती.

मी ते सखारामला वाचून दाखवलं. तो अंगणात उकिडवा बसला होता, पुंजाजी भिंतीला टेकून.

"तेलात?" सखाराम म्हणाला. "तेलात तं भजे तळतेत."

"त्यातच."

त्यानं पुन्हा वाचायला लावलं. मग जमिनीवर बोटानं एक गोल काढला. "कढई केवढी लागन?"

मी हातांनी दाखवलं.

"माह्या घरी हाय तेवढी," तो म्हणाला.

पुंजाजी भिंतीचा टेका सोडून उठला. "राहू दे आता, सखाराम," एवढंच बोलून तो कामावर गेला. तो आता पहिल्या तुकड्याच्या मालकाकडे मजुरीला जातो. यंत्र ताडपत्रीखाली आहे. चौदाव्या तुकड्यावरच्या तेरा खुंटांना धुमारे फुटलेत.

ज्यांना हे काम पडेल त्यांच्यासाठी. आस आधी पुसून तयार ठेवावा. कढईत बेअरिंग बुडेल एवढं स्वच्छ तेल घ्यावं. बेअरिंग तारेनं लोंबतं ठेवावं, बुडाला टेकू देऊ नये. आच मंद. तेलातून धूर येऊ लागला तर जास्त झालं, खाली उतरवावं. पाव तासानं बाहेर काढून थुंकीचा थेंब लावून पाहावा, चरचरला की चिंधीनं धरून लगेच आसावर सरकवावं. मग हात बाजूला घ्यावा. ते आपोआप थंड होतं. पाणी घालू नये.